हरणांसाठी दहा गुंठे: जंगलातल्या आडोशाच्या तुकड्यात काय पेरायचं

गावाकडे रोही आणि रानडुकरं शेतात येऊ नयेत म्हणून माणसं रात्र-रात्र जागतात, आणि इथे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात शिकारीसाठी हरणं यावीत म्हणून मुद्दाम पेरणी करायची, हे ऐकून घरचे हसतात. हसू द्यावं. पण पहिल्यांदा हे करायला निघालेल्या माणसाला इंटरनेटवर बियाण्यांच्या इतक्या जाहिराती दिसतात की नेमकी सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. आमचा पहिला हंगाम पार पडला आहे, म्हणून तो जसा घडला त्याच क्रमाने लिहून ठेवतो आहे. जागा मध्य पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरउतारावरची, भोवती ओक आणि मेपलची झाडी, आकार पाव एकर. पाव एकर म्हणजे १०,८९० चौरस फूट, आपल्या हिशेबात बरोबर दहा गुंठे.

आधी हेतू पक्का करावा, कारण पीक त्यावरून ठरतं. फूड प्लॉट, म्हणजे रानातल्या प्राण्यांसाठी पेरलेला तुकडा, दोन प्रकारचा. एक मोठा, तीन-चार एकरांच्या पुढचा, ज्यावर हरणांचा कळप हिवाळाभर चरू शकतो. दुसरा छोटा आणि आडबाजूचा. त्यात हरीण संध्याकाळी उजेड असतानाच बिनधास्त येतं, चार घास खातं आणि मोठ्या शेताकडे निघून जातं. पांढऱ्या शेपटीचं एक मोठं हरीण दिवसाला तीन-चार किलो ओला चारा खातं. दहा गुंठ्यांत कळपाचं पोट भरणं शक्य नाही. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर काहीतरी हिरवं, कोवळं आणि चरूनही पुन्हा फुटणारं हवं, एवढीच अपेक्षा ठेवावी.

कायद्याचं फेब्रुवारीतच बघून घेतलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय जवळजवळ उरलाच नाही, त्यामुळे इथले नियम आपल्याला मुळापासून शिकावे लागतात. पेनसिल्व्हेनियात आमिष टाकून शिकार करणं गुन्हा आहे. मका ओतणं, सफरचंदं टाकणं, मिठाची किंवा खनिजांची वीट ठेवणं, हे सगळं आमिषात येतं. ते उचलून, त्याचा अंशही उरला नाही अशी खात्री करून ३० दिवस होईपर्यंत तिथे शिकार करता येत नाही. जमिनीत रुजवून वाढवलेलं पीक मात्र शेती आणि अधिवास-व्यवस्थापनाच्या नेहमीच्या कामांत मोडतं, म्हणून फूड प्लॉट चालतो. हरणांच्या क्रॉनिक वेस्टिंग आजारामुळे राज्यात काही भाग रोग-व्यवस्थापन क्षेत्र म्हणून जाहीर आहेत आणि तिथे हरणांना खाद्य घालण्यावरच बंदी आहे. या क्षेत्रांच्या सीमा बदलत असतात, तेव्हा गेम कमिशनचा (राज्याच्या वन्यजीव आणि शिकार खात्याचा) नकाशा दर वर्षी पाहावा.

शिकारीचा परवाना राज्याच्या रहिवाशाला २०.९७ डॉलरला मिळतो, धनुष्यबाणाचा वेगळा १६.९७ आणि मादीसाठीचा ६.९७. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला शिकारी सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं आहे. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. इथे ऐकीव माहितीवर जाऊ नये, वकिलाला विचारावं. धनुष्याला हा प्रश्न येत नाही.

आणखी एक कागद बहुतेकांना माहीत नसतो. ५,००० चौरस फुटांहून जास्त माती हलवायची असेल, तर धूप आणि गाळ रोखण्याचा लेखी आराखडा लागतो. दहा गुंठे म्हणजे त्याच्या दुप्पट. काउंटीच्या कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्टला (माती-पाणी संवर्धनाच्या कार्यालयाला) फोन करून जागेचा उतार, ओढ्यापासूनचं अंतर आणि पेरणीची पद्धत सांगितली की काय लागेल ते कळतं. जमीन ‘क्लीन अँड ग्रीन’ करसवलतीत असेल तर झाडं तोडण्याआधी काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयालाही विचारून घ्यावं. जमीन भाड्याची असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी, आणि त्यात ‘तणनाशक’ आणि ‘झाडतोड’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत.

मार्चमध्ये उजेड मोजला. म्हणजे खरं तर अंदाज केला, कारण झाडांना पानं नसताना सगळीकडे ऊनच ऊन दिसतं. खरी मोजणी जूनमध्ये होते. ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधून ठेवायचा, आपोआप फोटो काढणारा) दर पंधरा मिनिटांनी फोटो काढेल असा लावला की एका स्वच्छ दिवसात कोणत्या कोपऱ्याला किती तास ऊन मिळतं ते समजतं. चार तासांच्या आत असेल तर पेरणीचा विचार सोडून द्यावा. चार ते सहा तासांत क्लोव्हर (बरसीमसारखा चारा) आणि तृणधान्यं बऱ्यापैकी येतात. सहाच्या वर असेल तर पर्याय वाढतात. ऊन वाढवायचं तर दक्षिण आणि पश्चिम कडेची झाडं काढावी लागतात. आम्ही तांबडा मेपल आणि पट्टेरी मेपल काढले, पांढऱ्या ओकला हात लावला नाही. त्याचं फळ पडायला लागलं की हरणं कोणत्याही पेरलेल्या पिकाकडे बघत नाहीत. मेपलच्या बुंध्यांना फुटवे येतात. तुकड्याच्या आत आलेले मारावेत, कडेचे तसेच ठेवावेत, कारण हरणांना ते कोवळे फुटवे आवडतात आणि पेरलेल्या रोपांवरचा ताण तेवढा कमी होतो.

एप्रिलच्या मध्यात माती परीक्षण. हे टाळून पुढे जाऊ नये. पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची पिशवी काउंटीच्या एक्स्टेन्शन (कृषी विस्तार) कार्यालयात मिळते, खर्च दहा डॉलरच्या आसपास. पालापाचोळा बाजूला करून सहा इंच खोलीपर्यंतची माती दहा-बारा ठिकाणांहून घ्यायची, प्लास्टिकच्या बादलीत मिसळायची (जस्ताच्या बादलीत नको, अंश उतरतात), वर्तमानपत्रावर सावलीत वाळवायची आणि पाठवायची. अर्जात घ्यायचं पीक लिहावं लागतं, कारण चुन्याची आणि खताची शिफारस त्यावरच ठरते. क्लोव्हर लिहिला तर चुना जास्त सांगतात, राय (गव्हासारखं धान्य, मोहरी-राई नव्हे) लिहिला तर कमी. पुढे क्लोव्हर घ्यायचाच असेल तर तोच लिहावा. अहवाल आठवडा-दहा दिवसांत ई-मेलने आला.

सामू, म्हणजे मातीचा पीएच, ५.२. पेनसिल्व्हेनियातल्या ओकच्या जंगलात हे नवल नाही. जमिनीवर सुक्या गवताच्या वासाचं नेचं पसरलेलं असेल तर माती आम्लधर्मी असणार हे परीक्षणाआधीच ओळखावं. हरणं ते नेचं खात नाहीत, बाकी सगळं खातात, म्हणून तेच माजतं.

पिकांची यादी खरी इथे छाटली जाते, आणि माझ्या मते बियाण्याच्या दुकानात या टप्प्याआधी पाऊलही टाकू नये. उजेड, सामू आणि खाणारी तोंडं, या तीन गोष्टींनी जे उरतं तेच पेरायचं. सोयाबीन हरणांना प्रचंड आवडतं, आणि म्हणूनच छोट्या तुकड्यात ते टिकत नाही. दोन पानांवर आलं की शेंडा खुडला जातो आणि रोप संपतं. सोयाबीनचा वाढीचा कोंब जमिनीच्या वर असतो, त्यामुळे बीजदलांच्या खाली तुटलेलं रोप पुन्हा फुटत नाही. मका ऊन मागतो, नत्र मागतो आणि जागाही. सलगम, मुळा, रेप ही मोहरीच्या कुळातली पिकं जाहिरातीत फार दिसतात. त्यांना साठ ते ऐंशी दिवस, भरपूर नत्र आणि सहाच्या वर सामू लागतो. इथे ती जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला पेरावी लागतात, आणि एकाच जागी लागोपाठ दोन वर्षांपेक्षा जास्त घेतली तर मूळकुजीसारखे रोग बळावतात. चिकोरी चांगली आहे, पण तिलाही सहाच्या आसपासचा सामू लागतो. गहू रायपेक्षा चवीला बरा, पण आम्लधर्मी मातीत मागे पडतो.

उरले हिवाळी राय, ओट आणि क्लोव्हर. राय हे गव्हाच्या कुळातलं धान्य आहे. रायग्रास हे वेगळं गवत आहे आणि ते शेतात शिरलं की काढता काढता नाकी नऊ येतात, म्हणून पिशवीवरचं नाव नीट वाचावं. राय पाचच्या सामूलाही तग धरतो, गोठणबिंदूच्या जरा वर तापमान असलं तरी वाढतो आणि खाल्ला तरी परत फुटतो, कारण त्याचा वाढीचा बिंदू हिवाळाभर मातीच्या पातळीला असतो. ओट आठवड्यात उगवतो आणि रायपेक्षा गोड लागतो, पण पारा उणे सात-आठ सेल्सिअसच्या खाली गेला की मरतो. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर ओटचा, त्यापुढचा हिवाळा रायचा. क्लोव्हर आपल्या बरसीमचा भाऊ. मुळांवरच्या गाठींतून नत्र देतो आणि पुढच्या वसंतापासून तुकडा खरा तोच सांभाळतो. पांढरा क्लोव्हर बहुवर्षायू. किरमिजी क्लोव्हर एका हंगामाचा, पण पहिल्याच शरदात लवकर वाढतो. राज्याच्या उत्तरेकडच्या थंड भागात तो हिवाळ्यात मरू शकतो, तिथे त्याच्याऐवजी तांबडा क्लोव्हर घ्यावा.

मे महिन्यात चुना टाकला. अहवालात एकरी ४,००० पौंड शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट सांगितलं होतं. पाव एकराला १,००० पौंड झाले. पण पिशवीतला चुना शंभर टक्के नसतो. पिशवीवर समतुल्य टक्केवारी छापलेली असते, ती ९० असेल तर १,००० भागिले ०.९, म्हणजे १,१११ पौंड, ४० पौंडांच्या २८ पिशव्या. सहा डॉलरला एक धरली तर १६८ डॉलर. भुकटीचा चुना ट्रकने आणला तर टनामागे फार स्वस्त पडतो, पण आडोशाच्या जागेपर्यंत ट्रक जात नाही. तिथे दाणेदार चुना, ढकलगाडी आणि पाठ, एवढंच चालतं. नांगरट न करता वर टाकलेला चुना अगदी सावकाश खाली उतरतो. म्हणून पहिल्या वर्षी क्लोव्हरकडून फार अपेक्षा ठेवू नये. वरच्या दोन इंचांत सामू सुधारला की त्याची बारीक मुळं तेवढ्यात सुरुवात करतात. पाव एकराला चुना पुरा टाकायचा नसेल, तर अर्धं क्षेत्र नीट करावं. सगळीकडे थोडा-थोडा शिंपडून कुठेच काही उगवत नाही.

जून-जुलैत शेतात काम फारसं नसतं, गोचिडी मात्र भरपूर असतात. काळ्या पायांची गोचीड लाइम आजार पसरवते आणि हे राज्य त्यासाठी प्रसिद्ध आहे. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारावं, पँट मोज्यात खोचावी, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत बघावं. तीन पानांची विषारी वेलही ओळखायला शिकावी.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तणनाशक. ४१ टक्के ग्लायफोसेट एकरी २ क्वार्ट या हिशेबाने पाव एकराला १६ द्रव औंस, साधारण पाच गॅलन पाण्यातून. पाठीवरच्या पंपात गॅलनला सव्वातीन औंस पडतात. डब्यावरचं लेबल नेहमीच शेवटचा शब्द. पानं कोरडी हवीत, पुढचे काही तास पाऊस नको, वारा अगदी मंद. पाणी जड असेल तर आधी अमोनियम सल्फेट विरघळवावं, नाहीतर औषध पाण्यातल्या कॅल्शियमला बांधलं जातं आणि तण पिवळं पडून पुन्हा हिरवं होतं. ग्लायफोसेट मातीला चिकटलं की निष्क्रिय होतं, त्यामुळे नंतरच्या पेरणीला बाधा येत नाही. नेच्यासाठी उन्हाळ्याचा हाच उत्तरार्ध योग्य. वसंतात मारलं तर मुळाकडे पुरेसं पोचत नाही. पूर्ण वाळायला तीन-चार आठवडे द्यावेत.

तेवढ्यात बियाणं आणलं. हरणाच्या शिंगांचं चित्र असलेल्या रंगीत पिशव्यांपेक्षा जवळच्या फीड मिलमध्ये (पशुखाद्याच्या गिरणीत) सुटं बियाणं घ्यावं. पिशवी कोणतीही असो, मागचा टॅग वाचावा: शुद्धता, उगवणक्षमता, तणाचं बी, निष्क्रिय भाग आणि चाचणीची तारीख. क्लोव्हरच्या बियांवर चुन्याचं आणि जिवाणूंचं आवरण असतं आणि टॅगवर निष्क्रिय भाग ३४ टक्क्यांच्या आसपास दिसतो. त्यात गैर काही नाही, पण वजनाच्या एक-तृतीयांशात बीच नाही हे धरून मात्रा वाढवावी लागते. स्वस्त मिश्रणांत भर घालायला बहुधा रायग्रास असतं, तेही टॅगवरच सापडतं.

दहा गुंठ्यांसाठी आम्ही हे प्रमाण ठेवलं: राय २० पौंड, ओट १२ पौंड, किरमिजी क्लोव्हर ३ पौंड, पांढरा क्लोव्हर दीड पौंड (आवरण असलेला असेल तर सव्वादोन). रायचं प्रमाण वाढवायचा मोह होतो, कारण तो स्वस्त आहे आणि हमखास उगवतो. पण दाट राय वसंतात क्लोव्हरला गुदमरवतो. क्लोव्हर घ्यायचाच नसेल तर राय ३० पौंडांपर्यंत चालेल. सगळं बियाणं मिळून ६० डॉलरच्या आत आलं.

पेरणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. क्लोव्हरला कडक थंडीआधी निदान सहा आठवडे लागतात. राय एकटा असता तर सप्टेंबरअखेरही चाललं असतं. तारखेपेक्षा पावसाचा अंदाज महत्त्वाचा: पुढच्या दोन दिवसांत अर्धा-पाऊण इंच पाऊस दिसत असेल तर पेरावं. मुसळधार असेल तर थांबावं, उतारावरचं क्लोव्हरचं बी सगळं खालच्या कडेला जाऊन साठतं. नांगरायचं नाही. आधी पाचोळा लीफ ब्लोअरने आणि दंताळ्याने हटवून माती उघडी करायची, बी पाचोळ्यावर पडलं तर मूळ मातीपर्यंत पोचण्याआधीच वाळतं. मग राय आणि ओट हातचक्रीने (हाताने फिरवून बी उडवायच्या यंत्राने) फोकायचे, अर्धं उभं, अर्धं आडवं. दंताळ्याने हलकं खरवडून साधारण एक इंचापर्यंत झाकायचे. त्यानंतर क्लोव्हर, कोरड्या वाळूत मिसळून. तो झाकायचा नाही. पाव इंचापेक्षा खोल गेला तर वर येत नाही, नुसता पायांनी किंवा रोलरने दाबायचा. शेवटी वाळलेलं नेचं आणि गवत कापून वर पडू द्यायचं, ओलावा टिकतो आणि रानातल्या टर्की पक्ष्यांच्या नजरेपासून बीही थोडं वाचतं. खत १०-१०-१० ची ५० पौंडांची एक पिशवी, ती उगवणीनंतर, पानं कोरडी असताना. याहून जास्त नत्र दिलं तर गवत माजतं आणि क्लोव्हर मागे पडतो.

माती परीक्षण, चुना, तणनाशक, बियाणं आणि खत मिळून सगळा खर्च ३०० डॉलरच्या आत राहिला, फवारणी पंप आणि हातचक्री वेगळी. निम्म्याहून अधिक पैसे चुन्यात गेले, आणि ते तिथेच जायला हवेत.

आठवड्यात तृणधान्य वर आलं, क्लोव्हर त्यामागून. याच वेळी एक पिंजरा लावावा: चार फूट उंच जाळी, तीन फूट व्यासाचं वर्तुळ, दोन खुंट्या. आतलं पीक गुडघाभर आणि बाहेरचं बोटभर दिसलं तर हरणं खात आहेत. दोन्ही सारखंच खुरटं असेल तर माती किंवा ऊन कमी पडतंय. हा पिंजरा नसेल तर ‘काहीच उगवलं नाही’ आणि ‘उगवलं ते खाल्लं’ यांतला फरक कळत नाही आणि माणूस पुढच्या वर्षी उगाच बियाणं बदलतो. सुरुवातीलाच खाण्याचा ताण फार दिसला तर विजेची तात्पुरती तार महिनाभर लावण्याचा पर्याय आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सुमारास धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमारास ओकची फळं पडायला लागतात. कॅमेऱ्यात हरणं दिसेनाशी होतात. घाबरू नये. फळं संपली की ती हिरव्याकडे परत येतात, आमच्याकडे हे नोव्हेंबरमध्ये झालं. त्याआधी पानगळ येते. उघड्या शेताला ती बाधत नाही, पण झाडीतल्या तुकड्यात ओकची ओली पानं क्लोव्हरवर गोधडीसारखी बसतात आणि तो खालीच कुजतो. पानं कोरडी असताना, भर दुपारी, ब्लोअरने दर आठवड्याला उडवावीत. आवाजाची फार धास्ती नको, हरणं त्या वेळेला झोपलेली असतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात.

डिसेंबरमध्ये ओट मेला, राय राहिला. हिवाळ्यात एवढं एक काम: क्लोव्हर कुठे विरळ आहे ते बघून फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, रात्री जमीन गोठते आणि दुपारी सैल होते त्या दिवसांत, पांढऱ्या क्लोव्हरचं अर्धा-पाऊण पौंड बी तिथे फोकावं. भेगा उघडतात-मिटतात आणि बी आपोआप मातीत जातं, दंताळंही लागत नाही. मेच्या उत्तरार्धात राय छातीभर होतो. तो फुलोऱ्यात असताना, दाणे भरायच्या आत, आठ इंचांवर कापावा. खाली क्लोव्हर तयार असतो. उन्हाळ्यात क्लोव्हर दोनदा सहा इंचांवर कापला की रुंद पानांचं तण बऱ्यापैकी मागे राहतं. गवत वाढलंच तर क्लेथोडिम हे गवत मारणारं तणनाशक, ते क्लोव्हरला इजा करत नाही. मातीचा नमुना पुन्हा तिसऱ्या वर्षी पाठवायचा, या वेळी वरच्या दोन इंचांचा आणि सहा इंचांचा वेगवेगळा, म्हणजे चुना किती खाली उतरला ते कळेल.